गोव्याची लीग: चर्चच्या मैदानापासून फातोर्ड्यापर्यंत आणि परत

२०१६ साली डेंपो स्पोर्ट्स क्लबने आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं. आदल्याच वर्षी हा संघ वरच्या श्रेणीतून खाली घसरला होता. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेल्या क्लबाला ती नामुष्की झोंबली होती आणि एका मोसमात त्याने ती धुऊन काढली. आता परत वर जायचं, एवढंच बाकी होतं. पण काही आठवड्यांतच डेंपोंनी जाहीर केलं की आम्ही आय-लीग खेळणार नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनीही अंग काढून घेतलं. देशाच्या फुटबॉलवर वर्षानुवर्षं राज्य केलेले हे क्लब गोव्याच्या स्थानिक लीगपुरते उरले.

मैदानावर घाम गाळून मिळवलेली जागा कोणी अशी सोडून देतं का? पणजी-मडगावात याची दोन उत्तरं ऐकायला मिळतात. खाणी बंद पडल्या, पैसा आटला, हे एक. वरच्या लोकांनी दार लावून घेतलं, हे दुसरं. पहिलं उत्तर सोपं म्हणून जास्त चालतं. मला दुसरं पटतं. ते का, हे सांगायचं तर गोव्याच्या लीगची वाटचाल मुळापासून बघावी लागते.

मूळ बारदेसातल्या शिवोलीत सापडतं. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रीने तिथे फुटबॉल आणला असं मानलं जातं. १८८७ मध्ये हडफड्याला सेंट जोझेफ हायस्कूल सुरू झालं, तेही त्यांचंच. शाळेत शिकलेली पोरं घरी गेली, राशोलच्या सेमिनारीत शिकलेले पाद्री गावोगावच्या इगर्जींत रुजू झाले, आणि चेंडू त्यांच्या बरोबरीने फिरला. म्हणून गोव्यातलं जुनं फुटबॉल मैदान शोधायचं तर चर्चच्या आजूबाजूला शोधावं. नाही सापडलं तर भातशेतात. कापणी झाली की वायंगणाचं पुढचं पीक लावेपर्यंत शेत मोकळं, आणि मोकळं शेत म्हणजे मैदान. बांधावर प्रेक्षक, दोन बांबूंचा गोल. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, आगेमागे गावागावांच्या स्पर्धा लागत. त्या आजही लागतात आणि, खरं सांगायचं तर, आजही लीगच्या सामन्यापेक्षा तिथेच जास्त गर्दी असते.

ही सवय गोंयकार मुंबईलाही घेऊन गेला. धोबीतलाव परिसरातल्या कुडांमध्ये, म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेल्या वसतिगृहांमध्ये, बोटीवर जाणारे तारवटी, आचारी, बँडवाले राहत. त्यांच्या गप्पांत गावाइतकाच फुटबॉल असे, आणि कूपरेजचं फुटबॉल मैदान काही लांब नव्हतं. मुंबईच्या या गोवेकर समाजातूनच नेव्हिल डिसोझा पुढे आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले, भारत ४-२ ने जिंकला आणि उपांत्य फेरीत गेला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्याच्या पूर्वजांचा गोवा मात्र त्या वेळी भारतात नव्हता.

पोर्तुगीज राजवटीत, १९५१ पासून, गोव्यात रीतसर लीग खेळली जाऊ लागली. क्रीडा परिषद होती, नंतर १९५९ साली गोव्याची फुटबॉल संघटना उभी राहिली. क्लबांची नावं पोर्तुगीज थाटाची: क्लुब देस्पोर्तिव्ह द चिंचिणी, क्लुब इंदिपेंदेंत द मडगांव. वास्को स्पोर्ट्स क्लब तेव्हाचा दादा संघ. बंदराचं गाव, रेल्वेचं टोक, बोटींची ये-जा, त्यामुळे वास्कोत पैसाही फिरत होता आणि बाहेरची माणसंही.

याच बंदरातून एक नवी गोष्ट बाहेर जाऊ लागली होती. ती म्हणजे लोहखनिज. युद्धानंतर जपानला पोलाद हवं होतं आणि डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या डोंगरांत माती कमी नि खनिज जास्त होतं. बार्ज भरून मांडवी-झुवारीतून मुरगावला माल येऊ लागला. भारताने १९५५ मध्ये गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तरी खनिजाच्या बोटी थांबल्या नाहीत. या धंद्यात जी सारस्वत घराणी वर आली, त्यांतल्या वासुदेव साळगावकरांनी १९५६ मध्ये वास्कोत एक फुटबॉल क्लब काढला. सुरुवातीचं नाव व्हिमसन, पुढे साळगावकर. हिरवा-पांढरा गणवेश. गोवा मुक्त व्हायला तेव्हा पाच वर्षं होती.

इथे थोडं थांबायला हवं. खाणमालकाने फुटबॉलचा क्लब का काढावा? कामगारांची करमणूक, कंपनीचं नाव, ही कारणं कोणत्याही कारखानदाराला लागू पडतात. गोव्यात आणखी एक गोष्ट होती. पैसा हिंदू घराण्यांकडे आलेला, मैदानं बहुतेक कॅथलिक गावांत. मुक्तीनंतरच्या राजकारणात तर ही दरी जाहीरच झाली: एका बाजूला महाराष्ट्रात विलीन होऊ पाहणारा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष, दुसऱ्या बाजूला युनायटेड गोवन्स, आणि १९६७ चा जनमत कौल. अशा गोव्यात साळगावकर किंवा डेंपो यांच्या नावाचा शर्ट घालून सासष्टीचा पोरगा खेळायचा आणि वार्क्याच्या, कोलव्याच्या लोकांनी त्या नावाने घसा कोरडा करायचा, ही किमया विधानसभेला जमली नव्हती. यात फार आदर्शवाद शोधू नये. मालकाला मान मिळत होता, खेळाडूला कंपनीत नोकरी. पण परिणाम खरा होता.

मराठी वाचकाला भाऊसाहेब बांदोडकर आठवतात ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री आणि गावोगावच्या मराठी शाळांचे जनक म्हणून. ते स्वतः खाणमालक होते आणि खेळवेडेही. त्यांच्या काळात, १९७० च्या सुमाराला, बांदोडकर सुवर्णचषक सुरू झाला आणि बाहेरचे नामांकित संघ गोव्यात येऊ लागले. कोलकात्याचे तारे आपल्या डोळ्यांदेखत आपल्या पोरांकडून हरताना बघणं ही त्या पिढीची शाळा होती. आणि दुसऱ्या दिवशी त्याचं वर्णन वाचायचं ते मराठीत. चौगुल्यांनी १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ काढला, डेंपोंनी १९७० मध्ये ‘नवप्रभा’. म्हणजे संघही खाणमालकाचा, त्याच्या विजयाची बातमी छापणारा कागदही खाणमालकाचा. डेंपो हरले तर ‘नवप्रभे’त मथळा कसा येतो, हे बघणं हा म्हणे काही वाचकांचा आवडता खेळ होता. खरं-खोटं त्यांना ठाऊक.

डेंपोंचा क्लब साठच्या दशकातला. डिचोलीतल्या एका संघातून तो घडला, काही काळ डेंपो-सोझा या नावाने खेळला आणि मग नुसता डेंपो झाला. सत्तरचं दशक संपता संपता त्याने मुंबईत रोव्हर्स कप उचलला. त्याआधी गोव्याचे संघ कूपरेजवर येत, चांगलं खेळत आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल किंवा मोहम्मेडनपुढे हरून परतत. आता मुंबईतल्या कुडांत दिवाळी नाही, नाताळ झाला असेल.

राज्याच्या पातळीवर मोठा क्षण आला तो १९८३ मध्ये. कोलकात्यात, राज्यांच्या संघांसाठी असलेल्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात गोवा आणि बंगाल बरोबरीत राहिले आणि करंडक वाटून घेतला. पुढच्या वर्षी मद्रासला तो एकट्या गोव्याने जिंकला. कर्णधार होता ताळगावचा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर, साळगावकरांच्या तालमीतला, पुढे देशाचाही कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी. हाच काळ गोव्यात भाषेच्या भांडणाचा. मराठी की कोंकणी यावर गाव फुटले, रस्ते बंद झाले, माणसं मेली, आणि १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला. त्या सगळ्या धुमाळीत ब्रह्मानंद हे नाव दोन्ही बाजूंना आपलं वाटे. १९८९ मध्ये मडगावला फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम उघडलं आणि पुढच्याच वर्षी तिथे, घरच्या लोकांसमोर, गोव्याने पुन्हा संतोष करंडक घेतला.

क्लबांमध्ये पहिला राष्ट्रीय झेंडा साळगावकरांनी रोवला. १९८८ आणि १९८९, लागोपाठ दोन वर्षं फेडरेशन कप त्यांचा. ब्रुनो कुतिन्हो हा त्यांचा गोल करणारा हुकमी एक्का. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि तिसऱ्याच मोसमात, १९९८-९९ मध्ये, शब्बीर अलींच्या मार्गदर्शनाखाली साळगावकरांनी ती जिंकली. गोव्याची स्वतःची प्रोफेशनल लीगही याच सुमारास, १९९८ मध्ये, सुरू झाली. जुन्या पहिल्या श्रेणीच्या डोक्यावर हा नवा मजला चढला.

‘प्रोफेशनल’ हे नाव जरा ऐटीचं होतं. प्रत्यक्षात दोन-चार क्लब पूर्ण व्यावसायिक, बाकीचे निम्मेशिम्मे. कुठे मोसमापुरता करार, कुठे सामन्यागणिक भत्ता. खेळाडू सकाळी सराव करून कामावर जाणारा. कोणी बँकेत, कोणी पोलिसात, कोणी बापाच्या टॅक्सीवर. तरी या एका लीगमध्ये जे संघ एकमेकांसमोर उभे राहत, ती यादी पाहण्यासारखी आहे. एकीकडे डेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स. दुसरीकडे वेळसांव, कळंगुट असोसिएशन, कुडचड्याचा गार्डियन एंजल, कोलव्याचा सेंट अँथनी, नागव्याचा पॅक्स, यंग बॉईज ऑफ टोंक, शिवाय लष्कराचा एखादा संघ. देवदूत, संत, वाडे आणि कंपन्या एकाच गुणतक्त्यात. म्हापशाचं धुळेर, वास्कोचं टिळक मैदान, उतोर्ड्याचं मैदान, अशी भटकंती करत लीग चालायची. डेंपोच्या परदेशी स्ट्रायकरला अडवायला गावचा बॅक, जो आदल्या रविवारी शेतात खेळला होता.

आणि मग चर्चिल. मोठ्या क्लबांत खाणीचा नसलेला हा एक. वार्क्याचे आलेमांव बंधू, राजकारणात मुरलेले. चर्चिल आलेमांव १९९० मध्ये जेमतेम अठरा दिवस गोव्याचे मुख्यमंत्रीही होते. १९८८ मध्ये त्यांनी उभा केलेला हा लाल शर्टवाला संघ पहिल्याच राष्ट्रीय लीगमध्ये उपविजेता ठरला. साळगावकर-डेंपोंना मान होता, चर्चिलला दंगा होता. चर्चिल जिंकला की सासष्टीत फटाके, हरला की पंचाच्या नावाने शिव्या. मला वाटतं, लीगला या क्लबाची गरज होती. नुसत्या शहाण्या क्लबांची लीग कोण बघतं?

२००४ या एका वर्षात गोव्याच्या फुटबॉलचं सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत दुःखद, दोन्ही पाहायला मिळालं. एप्रिल महिन्यात दुसऱ्या श्रेणीतले दोन क्लब वर चढायच्या शर्यतीत बरोबरीत होते. प्रश्न गोलफरकावर आला. शेवटच्या दिवशी दोघांचे सामने वेगवेगळ्या मैदानांवर, एकाच वेळी. कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लायटनिंगला ६१-१ ने हरवलं. विल्रेड लेझरने दोनापावलच्या संघाला ५५-१ ने. म्हणजे एका मैदानावर साधारण दर दीड मिनिटाला एक गोल, त्यात चेंडू जाळीतून काढून मध्यावर आणून पुन्हा किक मारण्याचा वेळही धरलेला. ज्याने कोणी हरणाऱ्या बाजूचा तो एकेक गोल केला, त्याच्या मनात काय असेल याची मला कायम उत्सुकता राहिली आहे. संघटनेने चारही क्लबांवर एक वर्षाची बंदी घातली. हसू येतं खरं. पण वरच्या श्रेणीत जाण्याला या माणसांच्या लेखी किती किंमत होती, हेही त्यातून कळतं. ज्या पायरीसाठी कोणी एवढी लबाडी करील, ती पायरी खरी असते.

त्याच वर्षी, ५ डिसेंबरला, बंगळुरूमध्ये फेडरेशन कपचा अंतिम सामना. डेंपो विरुद्ध मोहन बागान. डेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला. दुसराही केला, आणि त्याच क्षणी गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला. रुग्णालयात नेईपर्यंत तो गेला होता. डेंपोंनी सामना २-० ने जिंकला, दोन्ही गोल त्याचे. क्लबने त्यानंतर दहा क्रमांकाचा शर्ट कोणाला दिला नाही. त्याच मोसमात डेंपो पहिल्यांदा राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. मागोमाग दुसरा आला तो स्पोर्टिंग क्लब द गोवा, भगव्या शर्टचा, अवघ्या सहा वर्षांपूर्वी जन्मलेला. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचं राज्य, आणि देशातले पहिले दोन्ही संघ त्याचे.

पुढची आठ वर्षं गोव्याची. २००६-०७ मध्ये पुन्हा डेंपो. मग राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली आणि तिचे पहिले सहा विजेते असे: डेंपो, चर्चिल, डेंपो, साळगावकर, डेंपो, चर्चिल. सहा मोसम, एकदाही करंडक गोव्याबाहेर गेला नाही. कोलकात्याचे दिग्गज, त्यांचे लाखभर प्रेक्षक, त्यांचा शतकभराचा इतिहास, सगळं एका छोट्या राज्यातल्या तीन क्लबांपुढे उणं पडलं. एखाद्या मोसमात तर वरच्या श्रेणीत गोव्याचे चार-चार संघ असत.

हे कशाने झालं? पैसा होता, पण पैसा कोलकात्यातही होता, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडेही होता. डेंपोचं उदाहरण घ्या. आर्मांदो कुलासो हे २००० पासून २०१३ पर्यंत एकाच क्लबचे प्रशिक्षक. भारतात असा धीर कोण धरतो? पाचही राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या हाताखालची. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र खेळली. सगळी इथलीच, एकमेकांच्या पासची सवय असलेली. त्यांच्यापुढे रँटी मार्टिन्स, ज्याने २०११-१२ च्या एका मोसमात ३२ गोल केले. २००८ मध्ये हा संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब. याच्या खाली आणखी एक थर होता. सेझा गोवा या खाण कंपनीने १९९९ मध्ये फुटबॉल अकादमी काढली होती, शिरसईला पोरं राहून शिकत होती आणि अकादमीचा संघ म्हणून गोव्याच्या लीगमध्ये मोठ्यांशी झुंजत होती. सतरा-अठराचा मुलगा चर्चिलच्या बॅककडून लाथा खाऊन तयार व्हायचा. यापेक्षा चांगली प्रशिक्षणसंस्था मला माहीत नाही.

आता खाणींच्या सिद्धांताकडे. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये मर्यादा घालून उठवली, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द करून पुन्हा सगळं थांबवलं. ट्रक उभे राहिले, बार्ज गंजल्या, डिचोली-सांग्यातली घरं बुडाली. त्याचा फुटबॉलवर परिणाम झाला नाही असं कोण म्हणेल? पण डेंपोंनी आपला खाणधंदा २००९ मध्येच सेझा गोवाला विकून टाकला होता, सुमारे १७५० कोटींना. २०१० आणि २०१२ ची विजेतेपदं त्यानंतरची आहेत. खाण विकल्यावरही ज्याने संघ देशात पहिला ठेवला, त्याने २०१६ मध्ये तो आय-लीगमधून का काढावा?

कारण २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. तिच्यात शिरायला खालून वर चढावं लागत नव्हतं, फ्रँचायझी विकत घ्यावी लागत होती. गोव्याचीही एक झाली, एफसी गोवा, आणि तिच्या पहिल्या मालकांत श्रीनिवास डेंपो आणि दत्तराज साळगावकर ही नावं होती. म्हणजे या घराण्यांनी फुटबॉलशी पाठ फिरवली नव्हती. दोन वर्षं दोन्ही लीग समांतर चालल्या. २०१६ मध्ये अखिल भारतीय महासंघाने पुढचा आराखडा मांडला: आयएसएल सर्वांत वर, आय-लीग तिच्याखाली, आणि खालून वर जायला वाट नाही. आय-लीग जिंकलात तरी आय-लीगमध्येच. शिवोलीच्या शेतापासून देशाच्या विजेतेपदापर्यंत उभी असलेली शिडी मधोमध कापली गेली. जिंकून कुठेच जाता येत नसेल तर खर्च कशासाठी, हा प्रश्न हिशेबी माणसाला पडणारच. आणि ही घराणी मानासाठी क्लब चालवत होती. दुय्यम लीगचा करंडक घरात ठेवून त्यांना मान मिळणार नव्हता. मी त्यांच्या निर्णयाचं कौतुक करत नाही. कामावर असलेल्या खेळाडूंच्या आयुष्याचं काय, हे माघार जाहीर करणाऱ्या पत्रकांत फारसं नव्हतं. पण राग समजण्यासारखा होता.

चर्चिल मात्र हट्टाने राहिला. परवान्याच्या अटींवरून त्याला आधीच आय-लीगबाहेर काढलं होतं. तो भांडून परत आला. सभ्य क्लब बाहेर पडले आणि दंगेखोर टिकला, यात एक न्याय आहे.

एफसी गोवाविषयी कुरकुर करणाऱ्यांत मी नाही. २०१९ चा सुपर कप, २०१९-२० ची लीग शील्ड, २०२१ चा ड्युरंड. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लबही तोच. फातोर्ड्याला त्याच्या सामन्याला पोरंटोरं, बायका, म्हातारे येतात. पण त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतले मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस कुठून आले? डेंपोतून. ब्रँडन फर्नांडिसही गोव्याच्याच क्लबांतून वर आला. वरचा मजला बांधताना पाया कोणाचा वापरला, हे आयएसएलच्या जाहिरातींत दिसत नाही.

दरम्यान खाली लीग चालूच राहिली. डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांना आता हीच लीग उरल्याने तिचा दर्जा एकदम वाढला, हा त्या माघारीतला अनपेक्षित फायदा. एफसी गोवाचा राखीव संघही तिच्यात उतरला. सेझाची वेदांता झाली आणि तिच्या पाठबळावर २०१८ मध्ये मुलींची लीग सुरू झाली. गोव्यात मुली खेळतात ही बातमी नव्हे, योलांडा डिसोझा सत्तरच्या दशकाच्या अखेरीसच भारतासाठी गोल मारत होती, पण त्यांना स्वतःचं वेळापत्रक मिळालं ही बातमी होती. प्रेक्षक मात्र हटले ते हटलेच. दुपारी साडेतीन-चारला धुळेरला जाऊन बघा: संघांचे पदाधिकारी, थोडे पालक, निवृत्त शिक्षक, एखादा जुना खेळाडू जो पंचाला खेळ शिकवत असतो. संध्याकाळी त्याच तालुक्यात आंतरगाव स्पर्धेला मैदान ओसंडून वाहतं. ध्वनिक्षेपकावर कोंकणी समालोचन, भज्यांच्या गाड्या, रोख बक्षीस. लीगचा करारबद्ध खेळाडू अशा ठिकाणी चोरून खेळतो, कधी दुसऱ्याच्या नावाने, आणि सापडला की संघटना कारवाई करते. दोघांचंही बरोबर आहे. जिथे गाव बघायला येतं तिथे खेळावंसं वाटणारच, आणि पाय मोडला तर औषधपाण्याचा खर्च लीगच्याच क्लबाच्या गळ्यात पडतो.

त्याहून मोठी गळती परदेशाची आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. सासष्टीतली हजारो घरं त्या वाटेने इंग्लंडात गेली. स्विंडनमध्ये तर गोवेकरांची वस्तीच झाली. बाविशीचा चांगला मिडफिल्डर इथल्या तुटपुंज्या मोसमी करारावर राहील की गोदामात पौंड कमवील? बहुतेक जण दुसरं निवडतात आणि रविवारी तिकडच्या हौशी लीगमध्ये खेळतात. ब्रेक्झिटने ती वाट अरुंद केली, पण जहाजाची नोकरी आहेच. क्लबांचे प्रशिक्षक पंचविशीनंतरचे खेळाडू मोजताना आधी पासपोर्ट विचारतात, असं गमतीने म्हणतात. गंमत फारशी नाही.

आय-लीग आणि वरची लीग यांच्यातली वाट २०२२-२३ पासून पुन्हा उघडली; आय-लीगचा विजेता वर जाऊ लागला. त्यानंतर वर्षभरातच डेंपोंनी राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा पाऊल टाकलं. २०२३-२४ मध्ये आय-लीग दोनमध्ये दुसरं स्थान मिळवून ते आय-लीगला पात्र ठरले, म्हणजे २०१६ मध्ये जी जागा सोडली होती तीच पुन्हा कमावली, आठ वर्षांनी. प्रशिक्षक जुनाच बॅक, समीर नाईक. पुढच्या, २०२४-२५ च्या मोसमात चर्चिल चाळीस गुणांनी तक्त्यावर सर्वांत वर होता. महासंघाने त्याला विजेता जाहीर केलं, करंडकही दिला. पण इंटर काशी या क्लबाने एका सामन्याच्या गुणांवरून वाद घातला होता. प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेलं आणि २०२५ च्या जुलैत विजेतेपद इंटर काशीला मिळालं. त्याच महिन्यात आयएसएलच्या आयोजकांनी पुढचा मोसम थांबवला, कारण महासंघाशी असलेला करार संपत आला होता. ज्या वरच्या मजल्यासाठी शिडी कापली, त्याचाच भाडेकरार वादात. चर्चिलच्या गोटात या निकालाने काय झालं असेल ते वार्क्याला विचारावं; लवाद कसा कोलकात्याच्या, दिल्लीच्या, स्वित्झर्लंडच्या लोकांचा आणि पंच कसे आंधळे, हे तिथे कोणीही चहासोबत समजावून सांगेल.